तळाचं पाणी

मंगळवार-गुरुवार, साडेसहा ते सव्वाआठ,
खोली दोनशे चौदा.
ईरीच्या सरोवरावरून आलेला बर्फ
बुटांवरून वितळून बाकांखाली साचतो,
शिमान्स्की बाई फळा पुसतात
आणि दुपारच्या रसायनशास्त्राचा एक हायड्रोजन
कोपऱ्यात तसाच राहतो.

कॅल्क्युलस दोन. माझं दुसऱ्यांदा दोन.
गेल्या ऑक्टोबरात सोडलं होतं,
कारण विचारणाऱ्या फॉर्मवर
'इतर'समोर खूण केली होती.

दिवसभर मी झाकणं तपासते,
औषधाच्या बाटल्यांची, पांढरी,
लहान मुलांना उघडू नयेत अशी.
दहा हजारांत एखादं बसत नाही,
ते दिसायच्या आधी मला ऐकू येतं.
इथे काहीच ऐकू येत नाही.
पानभर मान वाकवून उभी असलेली ती लांबट चिन्हं,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

आज तुकड्यांनी संकलन.
एकाला यू म्हणायचं, उरेल त्याला डीव्ही.
"पण यू कोण, हे कसं ठरवायचं?" लॉनीनं विचारलं.
(लॉनी बॉयलर दुरुस्त करतो. नौदलात होता.
अपूर्णांकाची रेघसुद्धा पट्टीनं मारतो.)
बाई म्हणाल्या, विकलन केल्यावर जो लहान होतो, तो.
मला एकटीलाच हसू आलं.
विकलं की लहान होतो.
पाटल्या विकून पहिल्या सेमिस्टरची फी भरली
तेव्हा प्रश्न खरंच जरा लहान झाला होता.
हे या खोलीत सांगणार कुणाला?

मग ई-चा एक्स-वा घात गुणिले साईन एक्स.
दोनदा तुकडे केले,
पान उलटलं,
तर तोच प्रश्न, तसाच, पुन्हा दारात उभा.
गेल्या वर्षी मी इथेच वही मिटली होती.
बाई म्हणाल्या, आला ना? येऊ द्या.
उचला, बरोबरच्या चिन्हाअलीकडे नेऊन ठेवा,
दोनानं भागा.
एवढंच?
एवढंच.
आणि अधिक सी विसरू नका.

सी विसरलं की अर्धा गुण जातो. माझे आतापर्यंत साडेतीन गेलेत.
शाळेत हातचा विसरायचे,
मिरजेचे कुरणे मास्तर बाकावर उभं करायचे.
पण हातचा किती, ते ठाऊक तरी असायचं,
एक, नाहीतर दोन.
सीचं तसं नाही.
काहीतरी होतं, किंवा नव्हतंच,
विकलनात पुसलं गेलं,
आता कुणालाच सांगता येत नाही.
तरी शेवटी त्याला जागा ठेवायची.

उरलेली पंधरा मिनिटं टाकीची.
शंकूसारखी, टोक खाली, काठोकाठ भरलेली.
सगळं पाणी वरच्या काठावरून काढायला कार्य किती?
लॉनी म्हणाला, पंप किती हॉर्सपॉवरचा?
पंप नाही हो, कार्य.
पाण्याच्या चकत्या करायच्या, काकडीच्या करतो तशा,
पण इतक्या पातळ की जाडी नुसती नावाला.
प्रत्येकीचं वजन गुणिले तिला चढायचं अंतर.
वरची चकती भलीमोठी,
पण ती काठावरच बसलेली, तिला काय!
तळाची रुपयाएवढी,
सगळ्यांत लांबून यायचंय तिला.

मी पेन खाली ठेवलं थोडा वेळ.

मग घाईत माझं उत्तर चुकलं. पाय राहून गेला.
लॉनीचं बरोबर आलं,
त्यानं पट्टी लावून चौकट केली त्याभोवती.

बाहेर पार्किंगमध्ये उणे अकरा.
काचेवरचा बर्फ खरवडताना
पापुद्रे बाहीत शिरतात.
दोन गाड्यांपलीकडून लॉनी ओरडला,
"गुरुवारी चाचणी आहे, येशील ना?"
मी खरवडणं हातात तसंच धरून हात हलवला.

पूर्ण काच करत बसत नाही मी.
रस्ता दिसेल एवढी करते,
बाकीची हीटरवर सोडते.