भोकं

प्रदर्शन उतरलं की इंगवले येतात
लांबीचा डबा घेऊन.
पत्रा वापरत नाहीत,
अंगठ्यानंच बुजवतात एकेक भोक.

'हे त्या वायरींच्या गुंत्याचं,' म्हणतात,
'हे रिकाम्या चौकटीचं. फार जड होती ने.'

माझी सहा चित्रं, नऊ दिवस.
अभिप्रायाच्या वहीत अडीच पानं,
त्यात एक फोन नंबर,
प्लंबरचा.

सयाजीगंजकडून सेवउसळीचा वास
थेट गॅलरीत येऊन उभा राहतो,
कुठल्याच चित्रापुढे न थांबता.

'माझं कुठलं?' मी विचारते.
ते तळवा फिरवतात भिंतीवरून
तापल्या कपाळावरून फिरवावा तसा,
आणि थांबतात.
'हे. खिळा तिरका गेलाय तुमचा.
हे बुजवत नाही.
सोमवारच्या पोरीचं चित्र हलकं आहे,
चालून जाईल.'