चौदापैकी तीन

गुरुवारी तीनला सेमिनार.
पडदे ओढायचे, प्रोजेक्टर लावायचा,
पाहुण्यांच्या खुर्चीवर धुतलेला टॉवेल टाकायचा,
हे माझं काम.
मे महिन्यात धुळ्याला पडदे ओढून काही होत नाही,
ऊन आधीच आत येऊन बसलेलं असतं
पहिल्या बाकावर.

आज मोनाली गिरासेचा विषय
गाभ टाकणाऱ्या गायींचा.
ब्रुसेल्ला, ती म्हणते, आणि पहिल्या स्लाइडवर अडखळते,
मग उताराला लागलेल्या एसटीसारखी सुटते.
नकाशात पांझरा निळी.
इतकी निळी मी काही पाहिलेली नाही.
काठाची गावं म्हणजे ठिपके, ठिपक्यांवर आकडे.
न्याहळोदच्या ठिपक्यात कुठेतरी दंगल आप्पाचं खळं आहे,
पौषातली रात्र आहे,
आणि गजरी गाय, सातव्या महिन्यात मोकळी झालेली,
वार अडकलेली.

हातमोजे दोनच होते. ते साहेबांनी घातले.
बॅटरी दातांत धरून मी कोपरापर्यंत हात घातला.
थंडीत तेवढीच ऊब होती, खरं सांगतो,
बरं वाटलं.

तिची स्लाइड पुढे सरकते:
काचेवर रक्तरसाचा एक थेंब,
शेजारी गुलाबी औषधाचा एक,
काडीनं कालवायचं,
चार मिनिटं हलवत राहायचं, झोळीतलं पोर हलवावं तसं.
गुलाबी एकसारखं राहिलं तर सुटलात.
दाणे धरले, नासलेल्या दुधासारखं फुटलं,
तर पुढची तपासणी.
मला हे पाठ आहे. त्या काचा मीच धुतो.

मला मात्र ताप पाचला यायचा,
ड्यूटी संपल्यावर, सरकारी नोकरासारखा वेळेवर.
कंबर अशी की चपला घालायला भिंत लागायची.
मलेरिया म्हणून दोनदा गोळ्या झाल्या,
थोरल्या जाऊबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या.
बायको म्हणाली, तुमच्या घामाला
ओल्या कडब्याचा वास येतो.
निदान तिनंच केलं म्हणायचं. तिला स्लाइड मिळाली नाही.

एकोणिसावी.
जनावरं हाताळणारी माणसं: चौदा. पॉझिटिव्ह: तीन.
नावं लिहीत नाहीत. तसा नियम आहे, चांगला नियम आहे.
एच शून्य नऊ.
बाटलीच्या फोटोत नऊचं शेपूट डावीकडे वळलेलं,
मी वळवतो तसं. चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या
सगळ्यांच्या, एका बैठकीत,
आणि माझी लिहिताना पेन झटकावं लागलं होतं.

मोनाली अर्धा क्षण प्रोजेक्टरकडे बघते,
म्हणजे माझ्याकडे.
मागच्या आठवड्यात जिन्यात थांबवून म्हणाली होती,
हिलालकाका, सहा आठवडे. बरं वाटलं तरी
मध्येच सोडायच्या नाहीत.
लघवी लाल झाली तर घाबरू नका.
तिच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला
हे सांगताना तिनं
जिन्याच्या कठड्याचा रंग खरवडला होता नखानं.

प्रश्नोत्तरं.
पाहुणे चष्मा पुसतात, मग घालतात, मग विचारतात:
चौदा म्हणजे फारच कमी, नाही का?
हो सर, ती म्हणते. अजून मिळायला हवेत.
पुढच्या बाकावरून कुणीतरी टाळ्या सुरू करतं.

चहा. दूध मी तीनदा उकळलेलं.
एक पोरगा कप नाकाशी धरून म्हणतो,
काका, हे दूध तपासलंय ना?
सगळे हसतात, मीही,
ट्रे तेवढा टेबलावर टेकवून.

खिशात फोन थरथरतो. दंगल आप्पा.
व्हरांड्यात उभा राहतो, लळिंगाच्या बाजूनं
गरम वारा येतोय, तोंडात धूळ.
मन्ही गायनं काय जायं रे? रिपोर्ट उना का?
उना, मी म्हणतो.
मग बराच वेळ कुणीच बोलत नाही.
पलीकडे चरवीत धार पडतेय,
दोन्ही हातांची, भरभर, सवयीची.
कोण पिळतंय, मी विचारतो.
सून.
सोमवारी ये, मी म्हणतो. सूनले बी लई ये.
तिले कसाले?

धार थांबते.
एक थेंब लागतो, आप्पा.
एकच.