प्रत्येकी पन्नास शब्द

स्मरणिकेसाठी पहिले पाच अध्यक्ष हवेत,
प्रत्येकी पन्नास शब्द, सोबत फोटो,
असं आत्ताचे अध्यक्ष फोनवर म्हणाले. घाईत होते.

म्हणून मी शिडी लावली.
ठाकुरद्वारची आमची खोली, खाली होमिओपॅथीचं दुकान,
वर जुने चष्मे वाटणारी मंडळी,
शंभराला दोन वर्षं कमी.
भिंतीवर फोटो चार.
खिळे पाच.

भास्करराव धैर्यवान, संस्थापक.
पगडी, उपरणं, डोळ्यांवर काहीच नाही.
फोटोपुरता काढून ठेवला असणार,
नाकाच्या दोन्ही अंगांना खळगे तसेच आहेत.
इतिवृत्तात त्यांचं पहिलं वाक्य:
‘मातोश्रींच्या मागे त्यांचा चष्मा उरला.
टाकवेना. घालायला घरात कुणी नाही.’
एवढ्यावर संस्था निघाली.
पहिली पेटी बिस्किटांची होती.

डॉक्टर एझेकिएल तळकर, उमरखाडीचे.
शनिवारी येणार नाहीत, म्हणून सभा रविवारवर गेली
आणि तिथेच राहिली;
आज का विचारलं तर कुणाला सांगता येत नाही.
अक्षरओळख नसणाऱ्यांसाठी तक्ता त्यांनीच काढवून घेतला:
वर कासव, मग तांब्या, मग किल्ली,
अगदी तळाला मुंगी.
मुंगी दिसली त्याने घरी जावं.

चौथ्या, मनकर्णिकाबाई. अकरा दिवस अध्यक्ष.
अकरा दिवसांत त्यांनी एकच केलं,
वही उलटून मोजलं, चष्मे नेणाऱ्या बायका किती.
तीन.
गुरुवारची दुपार बायकांची, असा ठराव,
आणि पुढच्याच पानावर यजमानांचं पत्र,
‘प्रकृतीच्या कारणास्तव’.
कुणाच्या प्रकृतीच्या, ते लिहिलेलं नाही.

पाचवे मेरवानजी चिचगर. पंखा दिला.
पंखा चालतो.

राहिला मधला खिळा.

त्यांचं नाव मला ठाऊक आहे. चार वर्षांच्या
प्रत्येक सभेखाली त्यांची सही आहे,
शेवटच्या ळची शेपटी मागे वळून
अख्ख्या नावाखालून जाणारी,
रुईच्या दलालाला शोभेल अशी ऐसपैस.
नियम त्यांचाच:
घेणाऱ्याचं नाव विचारू नये.
खूण पुरे.
म्हणून वाटपाच्या वहीत कुणाची फुली, कुणाचा अंगठा,
एकाने चक्क पणती काढलीय.
मग सट्टा बुडाला. राजीनामा दोन ओळींचा.

चौतीस सालच्या वहीत, एका मंगळवारी:
‘वाचनाचा, अडीच नंबर, एक काडी दोऱ्याने बांधलेली.
इसम, वय साठच्या पुढे.’
आणि खुणेच्या जागी
नुसता एक ळ.
शेपटी मागे वळलेली,
पण खाली नाव नसल्यामुळे
कशाच्याच खालून न जाणारी.

वाटप करणाऱ्या कारकुनाने ओळखलं नसेल?
वर्षानुवर्षं त्यांच्याच सह्यांवर वाळू टाकली होती त्याने.
त्याने ‘इसम’ लिहिलं.
फोटो कुणी उतरवला याची नोंद नाही.
मला वाटतं, आदल्या संध्याकाळी
त्यानेच शिडी लावली असेल.
रांगेत उभं राहणाऱ्याला
भिंतीवरून स्वतःच बघू नये कुणी.

तर मी लिहिलं:
‘रुईचे दलाल. यांच्या कारकिर्दीत ठरलं: नाव विचारायचं नाही.’
आठ शब्द. बेचाळीस वाचले,
ते मनकर्णिकाबाईंच्या नावावर टाकले.
फोन येईल. येऊ दे.

शिडीवरून उतरले तेव्हा
जिन्यात बायका येऊन बसल्या होत्या. गुरुवार.
पहिलीला तक्त्यासमोर उभं केलं.
कासव म्हणाली. तांब्या म्हणाली.
किल्लीला जरा थांबली.
मग डोळे बारीक करून, मान पुढे काढून,
‘खाली काहीतरी आहे बाई,
पण काय ते
नाही सांगता यायचं.’

मी पेटी उघडली.