पक्का रंग

एकतीस वर्षं शाईच्या खात्यात काढली,
नाशिकरोडला, प्रेसमध्ये.
ओला अंगठा छापावर तीनदा घासायचा,
मग खिडकीपाशी जाऊन अंगठाच तपासायचा.
स्वच्छ निघाला, तर सही.
नाहीतर सगळा घाणा परत.
रिटायर झालो तरी खोड गेली नाही.
बाजारात कलिंगड घासून बघतो, साडीचा काठ,
एकदा व्याह्यांच्या काळ्याभोर मिशीकडेही
अंगठा निघाला होता.
हेमलताने हात धरून खाली घेतला.

रंगपंचमीच्या आधीच्या बुधवारी
गोदेकाठच्या बाजारातून शेवगा घेऊन येताना
पिंजरे दिसले. हिरवी, पिवळी, जांभळी पाखरं.
"बंगाली फिंच, काका. जोडी चारशे," किसन म्हणाला.
"तो गुलाबी," हेमलता म्हणाली.
रहाडीत बुडी मारून नुकताच वर आल्यासारखा
अंग झटकत बसला होता तो.
शेजारी एक हिरवी.
मी नोटा मोजल्या.
नोटा तेवढ्या उजेडात धरून दिल्या.

उन्हाळा बाल्कनीत गेला.
राळे, समुद्रफेस, काकडीची फोड,
आंघोळीला स्टीलची वाटी.
वाटीतलं पाणी संध्याकाळी जरा लालसर दिसायचं.
बीट टाकलं असेल हिने, असं मी धरून चाललो.
तो गायचाही. गाणं कसलं,
तेल न घातलेली बिजागरी,
पण मान उंच करून, छाती फुगवून.

श्रावणात बिजागरी बंद पडली.
ट्रेमध्ये सकाळी पिसं, दुपारी पिसं,
मानेवर बोटभर उघडी कातडी.
डॉक्टर गुंजाळ फोनवर हसले.
"झड लागली आहे. उकडलेलं अंडं द्या
आणि तुमचा अंगठा लांब ठेवा."

मग मी नुसता बघत बसलो.
डाव्या पंखातलं एक पीस पडलं
की दोन दिवसांत उजव्यातलं तेच,
तोल जाऊ नये म्हणून.
असा हिशेब आमच्या खात्यात
कुणी ठेवला नसता.
मानेवर बारीक खुंट आले, निळसर, रक्ताने भरलेले.
तो एकेक खुंट चोचीने सोलायचा,
भुकटी खाली, आणि आतून
पांढरं.
नुसतं पांढरं. छापायच्या आधीच्या कागदासारखं.
हिरवीसुद्धा कडेकडेने पांढरी होत आली.

पिसाला अंगठा लावला तेव्हा,
ओला करून, तीनदा.
अंगठा गुलाबी.

किसनकडे गेलो, पाकिटात पिसं घेऊन,
पाकिटावर तारीख, वेळ, नमुना क्रमांक.
तो चहा पीत होता.
"रंग गेला ना? पाखरू तर आहे ना, काका?"
त्याच्यामागे पोपटी, केशरी, जांभळी
चिवचिव चालली होती.
रागाने बोलायचं ठरवून गेलो होतो.
राळे घेऊन आलो. अर्धा किलो.

घरी हिला सांगितलं.
ही मेथी निवडत होती. "मला माहीत होतं."
कधीपासून?
"बाजारातच. अशी गुलाबी पाखरं असतात का कुठे?"
मग बोलली का नाहीस?
तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं.
"एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही
काहीतरी न घासता घेत होतात.
म्हटलं, घेऊ द्यावं."

परवा पहाटे बिजागरी पुन्हा वाजली.
दोघं पांढरी, एकाच दांडीवर,
आता कोण कुठला ते आवाजावरूनच कळतं.
शेपटीत मात्र त्याच्या एक पीस अजून गुलाबी आहे,
रंगपंचमीनंतर आठवडाभर
कानामागे राहतो तेवढं.
रोज ट्रेमध्ये बघतो, पडलंय का.
नाही पडलं की
ट्रेमधला कागद तसाच ठेवतो,
आणि हेमलताला सांगत नाही
की मी काय शोधत होतो.