उकार

परदेशी जाणारी भेंडी बोटाएवढीच लागते.
माझं मधलं बोट, हे आमच्या शेडमधलं माप.
त्या चैत्रात विमानं थांबली,
टेम्पोवाला भोईर फोन उचलेना,
भेंडी वीतभर झाली, मग शिंगाएवढी.
जावेच्या म्हशीने चार दिवस खाल्ली
आणि तोंड फिरवलं.

मग यादी लागली. दोन हजार, थेट खात्यावर.
किन्हवलीला बँकेपुढे चुन्याची वर्तुळं,
वर्तुळांत चपला,
माणसं चिंचेखाली.
वॉचमन काठीने एकेक जोड पुढे ढकलायचा.
माझ्या चपला दारात पोचल्या तेव्हा
त्यांचे अंगठे वितळले होते.

काचेमागचा पोरगा म्हणाला,
सातबाऱ्यावर हिरू दीर्घ आहे,
पासबुकात हिरु ऱ्हस्व.
पैसे मधेच अडकलेत.
किती अडकलेत?
सगळेच, मावशी.

तलाठी शाळेत कोंडलेला, चौदा दिवस.
मी खिडकीखाली उभी राहून ओरडले.
त्याच्या मागे भिंतीवर बाराखडी होती,
तो वळून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.
मग चिठ्ठी लिहिली, दगडाला गुंडाळून फेकली:
*दोन्ही हिरू एकच बाई आहे. मी ओळखतो.*

आषाढात आले पैसे.
तोवर झाडावरच वाळलेल्या भेंड्या
पावसात काळ्या पडल्या होत्या.
दीर्घ हिरूने भाताला खत घेतलं,
ऱ्हस्व हिरूने चपला.
उरले ते जावेला दिले, म्हशीच्या औषधाला.

ती म्हैस अजून
आमच्या बांधावरून जाताना
मान दुसरीकडे करते.