किनारीचा लाल दोरा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली,
बेचाळीस अंशांत
मी सी भाषेत एक लायब्ररी लिहिते आहे,
मागांवर नजर ठेवणारी. किती फेरे झाले, कुठला धागा तुटला.
खडखडाट इतका की माझाच कीबोर्ड
मला ऐकू येत नाही.

नियम साधा ठेवला होता.
शून्य परत आलं तर ठीक.
उणे आलं तर काहीतरी तुटलंय,
आकडा बघा, मग पुढे जा.

कोणी बघितला नाही.
परवा रात्री बारा नंबरच्या मागावर पिन पडली.
लायब्ररी सांगत राहिली: उणे सात, उणे सात,
पहाटेपर्यंत एकशे चाळीस वेळा,
आणि वरचा कोड ते हातातही न घेता
पुढच्या ओळीवर जात राहिला.
सकाळी सत्तर टॉवेल,
प्रत्येकात डावीकडे केसाएवढी उभी फट.

यल्लव्वाला ती दिसली नाही, लागली.
तपासणीच्या टेबलावर ती डोळे रस्त्याकडे ठेवते
आणि कापड बोटांखालून जाऊ देते.
सापडलं की किनारीला लाल दोरा.
बास. शिवत नाही, ओरडत नाही.
"मी कशाला शिवू? मालक रफू करंल,
नाहीतर सेकंडात काढंल, नाहीतर पोछा करंल.
मी फकस्त सांगते, कुठं."

त्या दुपारी मी चार ओळी खोडल्या.
मेमरी संपली की त्या ओळी
अख्खा प्रोग्रामच बंद करत होत्या,
एक धागा तुटला म्हणून
जॉबरनं सगळ्या शेडचा मेन स्विच ओढावा तसं.
स्क्रीनवर तक्रार छापणारी ओळही काढली.
कुणाची स्क्रीन? रात्री तिथं
वॉचमन असतो आणि त्याचं कुत्रं.

सीमध्ये चुकांसाठी एक जुनी पाटी आहे, एर्नो,
सगळ्यांत मिळून एकच.
जो चुकेल त्यानं आकडा लिहायचा,
पुसायचं काम कुणाचंच नाही.
म्हणून खरंच काही फसलं तरच ती वाचायची,
आणि लगेच, दुसऱ्या कुणी गिरवायच्या आत.
शेडच्या दारावर अशीच एक लटकते:
"आठ नंबर, मोटर जळाली."
मोटर केव्हाच बदलली.
नवा पोरगा अजून आठ नंबरला हात लावत नाही.

माझे वडील, गुर्रम राजमल्लू, तीस वर्षं जॉबर.
त्यांना मी उणे सातची गोष्ट सांगितली.
बराच वेळ शेंगा सोलत राहिले.
मग म्हणाले, थांबणारा माग वाईट नसतो गं.
ज्याची पिन पडून पण जो चालतो ना,
त्याची भीती बाळग. तो लई छान चालतो.

विडी घरकुलात रात्री वारा नसतो.
मी विचारते, दम लागतोय का?
"एम् लेदु," म्हणतात. काही नाही.

शून्य.

सीमध्ये निकालाचं शून्य म्हणजे सगळं सुखरूप,
पत्त्याचं शून्य म्हणजे तिथे कुणीच नाही,
हात घातलास तर सगळं कोसळेल.
दिसायला दोन्ही सारखीच.
परत कोण करतंय, ते माहीत असावं लागतं.

आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या.
हल्ली ते सहावीवर थांबतात,
वाकतात, चपलेचा पट्टा नीट करतात.

त्या चपलेला पट्टा नाही.

मी पुन्हा विचारलं नाही.
सिव्हिलमध्ये मंगळवारचा नंबर लावला.