येणे

केम्निट्स, मे बेचाळीस.
मालमत्तेचा आठ पानी तक्ता
हेर झेलिगसोन शाई न सांडता भरत होते.
मी त्यांची जुनी हिशेबनीस,
मागल्या जिन्याने आलेली,
कोटात अर्धा पाव लपवून.

"मोजे किती?"
मी खण उपसला. चार जोड.
दोन रफू केलेले, तेही स्वतःच,
वेडेवाकडे.
एके काळी यांच्या यंत्रांवरून
दिवसाला नऊ हजार जोड उतरायचे.

गावाला स्नानगृह बांधून दिलं होतं त्यांनी,
कामगारांच्या पोरांना गरम पाणी फुकट.
माझ्या कानामागचा मळ
पहिल्यांदा तिथेच निघाला.
दारावरची पितळी पाटी काढून नेली,
चार स्क्रूंची भोकं बुजवायला मात्र
कुणाला सवड झाली नाही.

सातव्या पानावर रकाना आला: येणे.
मी त्यांचा हात धरला.
प्रसूतिगृहाचं छप्पर, तीन शिष्यवृत्त्या,
महापौरांच्या जावयाचं कर्ज,
मला सगळं पाठ होतं, तारखांसकट.
"लिहा ना," मी म्हटलं.

निरंक, त्यांनी लिहिलं,
आणि वर टीपकागद दाबला.

मग म्हणाले, पाव कापतेस का?
आणि जाताना
जिन्यातला दिवा लावू नकोस.